सगळ्यात भारी कोच कोण?

सोमवार, ३

आत्याचा आवाज गेला. सकाळी शटर वर करताना ती मला ओरडायला गेली आणि तोंडातून नुसती हवा आली, फुग्याची गाठ सुटल्यासारखी. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली, मग परत हसू आलं.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजायचं पण नाही. आत्यानं हातानंच विचारलं, का? तर म्हणाले, हे असं विचारणं पण जरा कमी करा.

आमचं दुकान कपांचं आहे. चहाच्या नाही, स्पर्धेत मिळतात त्या कपांचं. ढाली, पदकं पण असतात. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, फोन आणि आत्या. मागच्या खोलीत मी पितळी पट्ट्यांवर नावं कोरते. मधे पडदा. तो पडदा मला फार आवडतो.

मी आठवीत शाळा सोडली. उभी राहून वाच म्हटलं की माझा घसा आवळायचा, सगळा वर्ग वाट बघत बसायचा. कंटाळून मी जायचंच सोडलं. आता बाबा म्हणतात, त्यांच्या खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जागा आहे, तिथं बोलावं लागत नाही, तुला बरं. आत्या म्हणाली, हा सीझन संपू दे. काउंटर सांभाळायला लागली तर इथं ठेव, नाहीतर ने. बाबा तेवीस तारखेला बघायला येणार आहेत.

मला इथून जायचं नाही. पण मला काउंटर पण नको.

मंगळवार, ४

आत्यानं पडदा धुवायला काढला. आजच का काढला काय माहीत. आता मी मागं बसले तरी सगळ्यांना दिसते.

तिनं एक पाटी आणलीय. तिनं लिहायचं, मी वाचून दाखवायचं. मी मानेनंच नाही म्हटलं. तिनं पाटीवर लिहिलं, "मग मी बोलते, आणि जाऊ दे माझा घसा कायमचा." असं लिहिल्यावर माणूस काय करणार?

संध्याकाळी नेहमीचे दोघं आले. शिट्टीकाका म्हणजे रिटायर झालेले फुटबॉलचे रेफरी, शिट्टी अजून गळ्यात. आणि शेजारच्या बेकरीचा पाववाला. रोज आमच्या स्टुलांवर बसून वाद घालतात. सध्याचा वाद, जगात आजपर्यंत झालेला सगळ्यात भारी कोच कोण.

"त्यात वाद काय?" पाववाला म्हणाला. "तो गम चघळणारा! मैदानाच्या कडेला उभा राहून असा ओरडतो की टीव्ही बंद केला तरी ऐकू येतं."

"ओरडण्यावर द्यायचा तर कप तुझ्या घरी द्यावा लागेल," शिट्टीकाका म्हणाले.

"मी कुठं ओरडतो घरी?"

"तुला कोण म्हणतंय?"

शिट्टीकाकांचा कोच म्हणजे तो लांब कोटवाला. पूर्ण मॅच बाकावर हाताची घडी घालून बसतो, गोल झाला तरी घडी सुटत नाही. पाववाला म्हणाला, "तो झोपलेला असतो हो."

मग आत्यानं पाटी माझ्यापुढं धरली. "ज्याच्या टीमचे कपडे जास्त स्वच्छ, तो कोच भारी."

मी वाचलं. म्हणजे ओठ हलवले.

"लाइन्समन," शिट्टीकाका मला म्हणाले, "झेंडा नको दाखवू. आवाज काढ."

आता माझं हेच नाव पडणार. कडेला उभा राहून नुसता झेंडा हलवतो तो लाइन्समन.

गुरुवार, ६

आत्याचं आजचं मत: "कोच भारी आहे की नाही ते मिशीवरून ओळखावं. झुबकेदार असेल तर भारी."

हे मोठ्यानं वाचायचं म्हणजे! दोघं माझ्याकडे असे बघायला लागले जणू हे माझ्याच डोक्यातून आलंय. शेवटी मी म्हटलं, "हे आत्याचं आहे. माझं नाही."

पाववाला म्हणाला, "अरे, ही बोलते!"

मग पूर्ण संध्याकाळ माझा चेहरा गरम.

शुक्रवार, ७

फोन उचलला. पलीकडून कोणीतरी खूप भरभर बोललं. मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते माहीत नाही. दुपारी एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, कुठाय ढाल? आमच्याकडे ढाल नव्हती. त्याच्याकडे टेम्पो होता. 

आत्यानं लिहिलं, "कळलं नाही तर परत विचारायचं." मी म्हटलं, लाज वाटते. तिनं लिहिलं, "टेम्पोवाल्यापुढं नाही वाटली?"

सोमवार, १०

आठवडा झाला. आत्या डॉक्टरांकडे गेली. मी येते म्हटलं तर नको म्हणून हात हलवला. येताना बिस्किटांचा पुडा घेऊन आली आणि लिहिलं, "अजून दोन आठवडे."

बिचारी. चेहरा मात्र टवटवीत. आजारपण असं धीरानं घ्यायला पाहिजे.

ती आंघोळीला गेली तेव्हा आतून गाणं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. बेकरीचा रेडिओ असणार. भिंती पातळ आहेत.

मंगळवार, ११

आज पाववाला बिस्किटं ठेवायला आला आणि म्हणाला, "काल तुझी आत्या फोनवर कोणाला एवढी..." तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या शिट्टीकाकांनी जोरात शिट्टी फुंकली. दोघंही दचकलो. पाववाला म्हणाला, "कोणाला एवढी... ऐकत होती, म्हणत होतो मी."

ऐकत असेल. बोलता येत नाही तर माणूस ऐकणारच.

पडदा अजून वाळला नाही म्हणे. ऊन एवढं पडलंय तरी.

गुरुवार, १३

आज मी भांडले. आत्याशी. पाटीवरच्या आत्याशी.

आज विषय धावण्याच्या कोचवर आला. शिट्टीकाका म्हणाले, ते एक म्हातारे कोच होते ना, सायकलवरून पोरीच्या मागं मागं जायचे. आत्यानं लगेच लिहिलं, "तो? तो नुसता सायकलवर बसायचा. पळायचं काम पोरीनं केलं. त्याला कसला कोच म्हणता?"

मी वाचायला लागले आणि अर्ध्यात थांबले. मला राहवलंच नाही. मी म्हटलं, "हे मी नाही वाचणार. हे चूक आहे."

आत्यानं भुवया वर केल्या. लिहिलं, "बरोबर काय ते सांग मग."

मग मी सांगितलं सगळं. टीव्हीवर दाखवलं होतं, मी दोनदा बघितलंय. ती पोरगी चढावर थांबायची तेव्हा म्हातारा ओरडायचा नाही, शिकवायचा पण नाही. सायकल तिच्यामागं उभी करून घंटी वाजवत बसायचा. एवढी वाजवायचा की ती चिडायची आणि त्याच्यापासून लांब जायला म्हणून पळायची. आणि मोठ्या शर्यतीच्या दिवशी काय झालं, तर म्हाताऱ्याचा गुडघा दुखायला लागला. गेलाच नाही तो. ती एकटी गेली, रडत गेली, आणि पहिली आली. बिचाऱ्याला बघायला पण मिळालं नाही.

"गुडघा खरंच दुखत होता?" शिट्टीकाकांनी विचारलं.

"हो. पट्टी बांधलेली दाखवलीय ना."

शिट्टीकाका आत्याकडे बघून खोकायला लागले. आत्या पाटी पुसत होती. पाटीवर काही नव्हतंच, तरी पुसत होती.

पाववाला म्हणाला, "च्यायला, ही तर आपल्यापेक्षा जास्त बोलली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ती पण ऐकत होती. मी मागं पळाले. पण पडदा नाही ना.

शनिवार, १५

आज आत्यानं लिहिलं की सगळ्यात भारी कोच म्हणजे जो मॅच हरल्यावर चांगला रडतो तो. मी सरळ म्हटलं, आत्या, तुला यातलं काही कळत नाही, तू लिहू नकोस. तिनं मान खाली घातली. वाईट वाटलं असेल. पण कोणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.

बुधवार, १९

पोहण्याच्या क्लबचा कप केला. शनिवारी त्यांचा समारंभ आहे. हा क्लब आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, वर्षभर काम देतात.

आत्या सकाळी बँकेत गेली होती, पाटी टेबलावर ठेवून. काल संध्याकाळी मी मशीनवर पदकं करत होते तेव्हा पुढं पाववाल्याचं त्या गमवाल्यावरून फारच तावातावानं चाललं होतं. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पण ऑर्डर तेवढ्यात लिहून घेतलेली दिसली. वर "जलतरण मंडळ, वार्षिक समारंभ, उत्कृष्ट प्रशिक्षक" आणि त्याखाली "आरडाओरडा खूप, अक्कल शून्य."

शेवटची ओळ जरा विचित्र वाटली. विचारावं असं मनात आलं. पण आत्या आली तेव्हा गिऱ्हाईक होतं, मग जेवण झालं, मग वाटलं एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं. मागे एका टीमनं "कसेबसे जिंकलो" असं कोरून घेतलं होतं. पोहणारे लोक गमतीशीर असणार.

अक्षर सुंदर आलंय. "शून्य"मधला न्य तर असा आलाय की बघत राहावं. मीच कप कागदात गुंडाळून दिला.

शनिवार, २२

मला मरायचं आहे.

क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. मीच उचलला. समारंभाला मोठे पाहुणे होते. पाहुण्यांनी कप हातात घेतला, चष्मा लावला आणि पट्टीवरचं सगळं माईकवर वाचून दाखवलं. सगळं म्हणजे सगळं. ज्यांना कप द्यायचा ते पोहण्याचे सर स्टेजवरच उभे होते, हात पुढं करून.

मी आत्याला सांगितलं. तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "अगं बाई!" असं ऐकू आलं. मला भास झाला असणार, माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मग तिनं लिहून सांगितलं. ती ओळ पाववाल्यासाठी होती. गमवाल्याबद्दल. पाटीवर खाली जागा होती म्हणून तिथंच लिहिली.

सेक्रेटरी म्हणाले, सर उद्या सकाळी येतील, त्यांचं समाधान झालं नाही तर वर्षभराचं काम दुसरीकडे जाईल.

मी आत्याला म्हटलं, तू बोल ना उद्या, एकच दिवस. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.  मग स्वतःच्या घशाकडे बोट दाखवलं.

आणि उद्या तेवीस तारीख. बाबा येणार. पॅकिंगच बरं. खोक्यावर काही कोरावं लागत नाही.

रविवार, २३

सगळं लिहिते, नाहीतर माझं मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हाच सर खालून वाकून आत आले. रुंद माणूस. अंगाला तलावाच्या औषधाचा वास. कप असा लांब धरलेला, जणू मांजर बाहेर सोडायला निघालेत. काउंटरवर ठेवला.

"वाच," म्हणाले.

वाच म्हटलं की माझं काय होतं ते मी वर लिहिलंय. मी आत्याकडे बघितलं. आत्या आमच्याकडे पाठ करून ढाली पुसत होती. दारात सरांच्या मागोमाग आलेलं एक गिऱ्हाईक तोंडापुढं पेपर धरून बसलं होतं, ते पण उठेना.

मी वाचलं. "जलतरण मंडळ. वार्षिक समारंभ. उत्कृष्ट प्रशिक्षक." तिथंच थांबले.

"पुढं?"

"आरडाओरडा खूप, अक्कल शून्य."

"मोठ्यानं. काल माईक होता."

मोठ्यानं वाचलं. मेले नाही.

"हे कोणी केलं?"

"मी. पाटीवर वर ऑर्डर होती आणि खाली वाद होता. मला दोन्ही एकच वाटलं. म्हणजे विचित्र वाटलं होतं, पण विचारायची लाज वाटली."

"एक वाक्य विचारायची तुला लाज वाटली, म्हणून माझी चारशे माणसांत गेली?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तसंच झालं होतं.

 मग सरांचा आवाज खाली आला. "पाहुण्यांचं काही नाही. माझ्या पोरी हसल्या. खोटं असतं तर त्या गोंधळल्या असत्या. पण अशा हसल्या ना, म्हणजे त्यांना पटलं."

मी कप सरळ करून ठेवला. त्यांनीच विचारलं, "वाद कसला होता?"

"सगळ्यात भारी कोच कोण."

"आणि ही अक्कल कोणाची शून्य?"

"त्या गम चघळणाऱ्याची."

सर एकदम लाल झाले. "त्याची? अगं, त्याच्यासारखा कोच झाला नाही! माझ्या खोलीत त्याचा फोटो आहे!"

आता मी गप्प बसायला पाहिजे होतं. कोणालाही कळलं असतं. पण गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी हेच करतेय, सवय लागलीय तोंडाला. मी म्हटलं, "तो ओरडतो म्हणून त्याची टीम बॉल सोडून सारखी कडेला बघते. तुम्ही मॅच परत बघा."

"तुला काय कळतं कोचिंगमधलं?"

"मला नाही कळत. पण एक विचारू? पोहताना पोरींचं डोकं पाण्यात असतं ना? मग तुमचं ओरडणं त्यांना ऐकू येतं का?"

आत्याच्या हातातलं फडकं थांबलं.

सर स्टुलावर बसले. शिट्टीकाकांचं स्टूल, पण ते नव्हते आले अजून. "नाही येत," म्हणाले. "मला माहितीय नाही येत. काठावर उभं राहून दुसरं काय करणार माणूस? उडी मारता येत नाही त्यांच्या शर्यतीत. म्हणून ओरडतो. माझ्यासाठी ओरडतो मी."

"मग ते चालेल," मी म्हटलं.

ते हसायला लागले. पूर्ण पोट हलेपर्यंत. मला कळलं नाही मी काय विनोद केला.

मग मी पट्टी उतरवली आणि नवी घेतली. या वेळी एकेक शब्द विचारून घेतला. उत्कृष्टच ना? वार्षिक समारंभ हवं का? तुमचं नाव घालायचं का? खाली अजून काही?

"खाली काही नको," सर म्हणाले. "कृपा कर."

कोरून होईपर्यंत ते तिथंच बसले आणि गमवाल्याची बाजू मांडत राहिले. मी मशीन थांबवून थांबवून उत्तर देत होते, म्हणून वेळ लागला. निघताना मी विचारलं, "वर्षभराचं काम?"

"सांगतो सेक्रेटरीला. पण पुढच्या वेळी विचारत जा."

"विचारेन. तुम्ही कंटाळाल."

जुनी पट्टी त्यांनी खिशात टाकली. म्हणाले, बायकोला दाखवतो, ती म्हणेल एवढं नेमकं कोणी लिहिलं.

ते गेले आणि दारातल्या गिऱ्हाइकानं पेपर खाली घेतला. बाबा!

"तुम्ही कधी आलात?"

"तू मोठ्यानं वाचलंस ना, त्याच्या आधीच." बाबांनी पेपराची घडी केली, परत उघडली, परत केली. मग आत्याला म्हणाले, "ताई, हिला नाही नेत मी पॅकिंगला. तिथला मुकादम दोन दिवसांत नोकरी सोडून जाईल."

आत्यानं मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. घसा दुखत असणार.

सोमवार, २४

आत्याचा आवाज आला! एकदम. सकाळी चहाचं भांडं उतू गेलं आणि ती जी ओरडली ती अख्ख्या गल्लीला कळली. खरखर नाही, काही नाही. डॉक्टरांचे दोन आठवडे अगदी बरोबर निघाले. चांगले डॉक्टर आहेत.

बाबांना बसपर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, "तुझी आत्या लहानपणी झोपेतसुद्धा बोलायची. घटकाभर गप्प बसलीस तर बक्षीस देईन, असं आई तिला रोज म्हणायची. ते बक्षीस तसंच राहिलं. आणि आता एवढे दिवस कशी बसली असेल, मला तर विचार करून घाम फुटतो."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. बस आली तरी बघत होते. मग म्हणाले, "हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं." आणि उगाच माझ्या डोक्यावर हात ठेवून चढले.

संध्याकाळी पाववाला म्हणाला, "बाई, आता पाटी नाही काही नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे. सगळ्यात भारी कोच कोण?"

आत्या म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?"

आवाज आल्यापासून पहिल्यांदा बरोबर बोलली. पण तिचा पडलेला चेहरा बघवेना मला, म्हणून मी म्हटलं, "असू दे आत्या. कळेल हळूहळू. मी सांगत जाईन तुला."

तर तिला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं, आणि शिट्टीकाका तिची पाठ चोळत बाहेर बघायला लागले. म्हणजे घसा अजून पुरता बरा नाही. उद्या मी स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. या वेळी आत येते म्हणणार, आणि सगळं मीच विचारून घेणार.